पोपटाचा लळा

हे सांगताना अजूनही माझी मान खाली जाते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पंधरा दिवस फिरायला गेले आणि माझा पोपट चिमणीच्या घरी ठेवला. चिमणी म्हणजे माझ्या वर्गातली विद्यार्थिनी. प्रश्न विचारला की तिचे ओठ चोचीसारखे नुसते हलायचे, म्हणून हे नाव मीच पाडलेलं. पोपटाचं अगदी उलट. माझी घरची शिकवणी ऐकून ऐकून तो हुबेहूब माझ्या आवाजात खेकसायचा, "उभी राहा! डोकं घरी ठेवून आलीस का?" पाहुणे पोट धरून हसायचे आणि मी त्याला कौतुकानं पेरू भरवायचे.

परत आल्यावर पिंजरा न्यायला गेले, तर चिमणीची आई म्हणाली, "बाई, पोरीला भलताच लळा लागला हो याचा! खेळणं नाही की काही नाही, सारखी आपली पिंजऱ्यासमोर उभी!"

मी खूश. घरी येऊन पिंजरा खिडकीत टांगला. पोपट पिसं झटकून माझ्या आवाजात खेकसला, "उभी राहा! डोकं घरी ठेवून आलीस का?" मला हसू आलं.



मग तोच पोपट चिमणीच्या बारीक, रडवेल्या आवाजात म्हणाला, "चुकलं, बाई. उद्या नक्की पाठ करते."