विचारल्याशिवाय

प्रणालीला बघायला रावेरहून पाहुणे आले होते. पोहे अर्धे झाले असतील, तोच घरमालक नाना दोन गिऱ्हाइकं घेऊन चपलांसकट आत शिरले आणि थेट स्वयंपाकघर दाखवू लागले.

प्रणालीचे वडील भाईदास ताडकन उठले. "नाना, घर विकायचं तर खुशाल विका. पण मी भाडं भरतोय तोवर हे माझं घर आहे. मला विचारल्याशिवाय कुणालाही बघायला आणायचं नाही."

नाना गिऱ्हाइकांना घेऊन निघून गेले.

"बरोबर बोललात, भाऊ," मुलाचे वडील म्हणाले.

प्रणालीने चहाचा ट्रे खाली ठेवला.

"पप्पा, यांना बोलावताना मला तरी कुठे विचारलं होतं?"