अर्ध्या नदीतला पूल

बोलताना लेकीची जीभ अडखळायची, पूल बांधताना हात कधी अडखळला नाही. मागच्या खेपेला इंजिनियर क्लबात दुपारच्या जेवणाच्या वेळी तिच्या पुलावर तिचं भाषण ठेवलं, तर वेळ संपली म्हणून सेक्रेटरींनी घंटा बडवली आणि तिचा पूल अर्ध्या नदीतच राहिला.

आज पुन्हा तिची पाळी होती. आई मांडीवर पिशवी घेऊन पहिल्याच रांगेत ठाण मांडून बसली. लेक अडखळत का होईना, पैलतीर गाठत आली. सेक्रेटरी मात्र टेबलाखाली वाकून शोधाशोध करत होते.

“मावशी, इथली घंटा पाहिलीत का?”

“गप बसा हो! पोर बोलतेय ना?”

टाळ्या पडल्या. वाजू नये म्हणून आतला लोलक धरून धरून आखडलेल्या बोटांनी आईनं पिशवीतून घंटा काढली.

“घ्या. आता बडवा हवी तेवढी.”