मोजणी शून्यापासून

नवशिक्या पुन्हा चुकला, तशी मुलं हसली. पडद्यावरचा हा यांत्रिक विद्यार्थी आधीच्या मुलांच्या प्रोग्रॅममधल्या चुकांतून घडवला होता. त्याला शिकवता शिकवता पहिल्या वर्षाची मुलं प्रोग्रॅमिंग शिकत. आज मोजणी शून्याऐवजी एकपासून धरल्यामुळे दहा नावांच्या यादीतलं पहिलंच नाव सोडून तो अकरावं शोधत बसला होता. मोजणीच्या आकड्याला त्याने नाव दिलं होतं, 'ढवळी'.

खेर्डे मॅडम जागीच थांबल्या. घरच्या शेळीचं हे नाव प्रोग्रॅममध्ये एकच मुलगा वापरायचा, भूषण इंगोले. दोन वर्षांपूर्वी स्टाफरूमच्या दारात उभं राहून त्याने विचारलं होतं, "मॅडम, मोजणी शून्यापासून का करायची?"

"दिवाळीनंतर ये," त्या वही तपासता तपासता म्हणाल्या होत्या. दिवाळीच्या सुट्टीतच त्याची मोटरसायकल ट्रकखाली गेली.

पडद्यावर अक्षरं उमटली, "मॅडम, मोजणी शून्यापासून का करायची?"

नवशिक्याला फक्त मुलांचे प्रोग्रॅम दिले होते. दारातलं ते बोलणं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"मी सांगू याला?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"नको. मी सांगते."

तास संपला, मुलं निघून गेली, तरी मॅडम फळ्यावर चौकटी आखून समजावत राहिल्या. अखेर पडद्यावर बिनचूक प्रोग्रॅम आला आणि खाली एक ओळ, "कळलं मॅडम. जाऊ आता?"

मॅडमनी पडद्यासमोर खुर्ची ओढली.

"बस रे जरा," त्या म्हणाल्या. "पुढचा धडाही आजच करू."