सदतीस शुभेच्छुक

“हे सदतीस जण कोण हायेत?” निखत मॅडमनी स्क्रीनवर पेन्सिल टेकवून विचारलं.

“शुभेच्छुक, मॅडम,” नितेश म्हणाला.

अमरावतीत जानरावांच्या फ्लेक्सच्या दुकानात चार वर्षं वाढदिवसाचे बॅनर करून नितेशचा हात असा बसला होता, की झोपेतही त्यानं कोणाच्याही डोक्यामागे पिवळा उजेड पाडला असता. जानरावांनी या चार वर्षांत ‘लवकर कर’ याखेरीज एक शब्द सांगितला नव्हता. आणि इथे अकोल्यात निखत मॅडमच्या स्टुडिओत डिझायनरची एक जागा रिकामी होती. मॅडम पुण्याला शिकून आलेल्या. बियाण्याच्या पिशव्यांपासून लग्नपत्रिकांपर्यंत सगळं त्यांच्या हातचं. येणाऱ्याचं काम पाहायचं, चुका तोंडावर सांगायच्या आणि ठेवायचं की नाही ते तिथल्या तिथे ठरवायचं, ही त्यांची पद्धत. नितेशला ती जागा हवी होतीच. पण या कामातलं कळणाऱ्या एका तरी माणसानं ‘तुले जमते’ म्हणावं, यासाठी त्याचा जीव जास्त तुटत होता.

स्क्रीनवर वलगावच्या किशोरभाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर होता. मधोमध हात जोडलेले, गॉगल लावलेले किशोरभाऊ. मागे सिंह. चारी कोपऱ्यांत फुगे. आणि खाली तीन ओळींत सदतीस तोंडं, खांद्याला खांदा लावून.

“सात प्रकारची अक्षरं,” मॅडम म्हणाल्या. “मोजता मोजता मले दम लागला. अन् सिंह कावून?”

“भाऊचा स्वभाव तसा हाय.”

“अन् हा जांभया रंग?”

“तो भाऊच्या पोरीनं सांगतला.”

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. “हे पाह्य नितेश, हात तुहा चांगला हाय. पण नजर टेकवाले जागा नाही याच्यात. बस तिथं. अर्धा तास हाय तुह्यापाशी. जे नसलं तरी चालते, ते सारं काढ. मले मोकळी जागा पायजे.”

नितेश बसला. सिंह काढला. फुगे फोडले. अक्षरांचे सातातले सहा प्रकार गेले, जांभळा गेला, पिवळा उजेडही गेला. तरी दाटी होतीच. आता फोटोंवरच हात घालायचा होता आणि तिथे तो अडला. मागच्या वर्षी या शुभेच्छुकांतल्या श्यामचा फोटो दुसऱ्या ओळीतून तिसऱ्या ओळीत गेला, तर तो दिवाळीपर्यंत दुकानावरून मान फिरवून जात होता. भागीरथाबाईंनी तर या बॅनरसाठीच जन्मात पहिल्यांदा फोटोग्राफरकडे जाऊन फोटो काढून घेतला होता, नवं लुगडं नेसून. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या स्वतः दुकानात घेऊन आल्या होत्या. यातलं काढायचं कोणाला? घड्याळाचा काटा पुढे चालला होता. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा नितेशनं एकच फोटो निवडला, काढून टाकला आणि बॅनरवर एकदम मैदान मोकळं झालं.

मॅडम आल्या. बॅनरवर पांढरीशुभ्र जागा होती. वर एका ओळीत काळ्या अक्षरात ‘किशोरभाऊ, वाढदिवसाच्या शुभेच्छा’ आणि खाली सदतीसच्या सदतीस जण. किशोरभाऊ नव्हते.

“काढ म्हटलं तं ज्याचा वाढदिवस त्यालेच काढलं तुनं?”

“मॅडम, भाऊले सारं वलगाव ओयखते,” नितेशचा आवाज बारीक झाला. “चौकात बॅनर लागला का जो तो येऊन आपला फोटो पाह्यते. भाऊकडे कोणी पाह्यत नाही. बॅनर लागल्यावर भाऊचा कधी फोन येत नाही, ह्या सदतीस जनाईचे येतात. तुमीच म्हटलं, नसलं तरी चालते ते काढ.”

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. नितेशला वाटलं, संपलं. आपण येड्यासारखं काहीतरी करून बसलो. आता संध्याकाळच्या बसनं अमरावती आणि उद्यापासून पुन्हा फुगे.

“प्रिंट मार,” मॅडम म्हणाल्या. प्रिंट निघाली. त्यांनी ती समोरच्या भिंतीला चिकटवली आणि हाताची घडी घालून लांब उभ्या राहिल्या.

तेवढ्यात त्यांच्या अम्मी, आयशाबी, वरच्या घरातून चहा घेऊन उतरल्या. भिंतीकडे नजर गेली तसा त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, चष्मा नाकावर नीट बसवला आणि पहिल्या फोटोवर बोट ठेवलं. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. वरच्या मोकळ्या जागेकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. तिसऱ्या ओळीत बोट थांबलं.

“निखत, ये अपनी गीतांजली ना? तेरे साथ शाळा में थी. खिचडी खाने आती थी घर पे.”

“कुठे?”

मॅडम पुढे आल्या. आधी वाकल्या, मग इतक्या जवळ गेल्या की नाक कागदाला लागायचं राहिलं. मायलेकी बराच वेळ तिथेच उभ्या होत्या. चहावर साय धरली. नितेशला खुर्चीतून उठावं की बसून राहावं ते कळेना.

“सोमवारपासून ये,” मॅडम भिंतीकडेच तोंड करून म्हणाल्या.

नितेशनं मान हलवली, पण ती पाहायला कोणी वळलंच नाही.

“अन् ऐक,” त्यांचं बोट अजून तिसऱ्या ओळीतच होतं. “वर एवढी जागा रिकामी पडून हाय ना, तं गीतांजलीचा फोटो जरा मोठा कर.”