हळदीच्या गाण्यांची कॅसेट

धाकट्या बहिणीच्या हळदीत आईने गायलेली नऊ गाणी एका कॅसेटवर होती. कुणी चुकून त्यावर दुसरं भरू नये म्हणून मीच तिच्या दोन्ही प्लास्टिकच्या पट्ट्या मोडल्या होत्या. आई गेल्यापासून मात्र दरवेळी एक गाणं कमी ऐकू येतं. टेप बिघडला म्हणावं, तर उरलेली गाणी स्वच्छ वाजतात.

आज एकच उरलं, तेव्हा फैजपूरहून टेप आणि कॅसेट घेऊन जळगावला लोटनभाऊंच्या टेप-दुरुस्तीच्या दुकानात गेले.

"टेप चांगला शे, ताई. कॅसेटबी चांगली शे. तिलेबी जरा दम खाऊ द्या," ते हसून म्हणाले.

घरी येऊन लावली. गाणं नव्हतं. "टेप चांगला शे, ताई," कॅसेटमधून लोटनभाऊ म्हणाले. मग त्यांच्या दुकानाचा जिना उतरणारी माझी पावलं वाजली. मग अगदी जवळून आईचा आवाज.

"तिले काही सांगू नका, भाऊ."

"नाही सांगत, अक्का."