उजव्या खांद्यामागचा जोड

“बसा तुम्हीच,” विश्वनाथ म्हणाले. “भाची अगदी तुमच्याच अंगकाठीची आहे.”

हेमांगी हसली आणि दोन पाइपांवर टेकवलेल्या सीटवर जाऊन बसली. माप घेताना गाडी चालवणारं माणूस समोर हवं, हा तिचा नियम. पण भाची पुण्याला परीक्षेत अडकलेली, आणि फरिदाबादच्या तिच्या वर्कशॉपच्या शेडमध्ये पाच फूट तीन इंचांचं दुसरं होतं कोण? रंगारी दामूकाका चांगले सहा फुटी. मग विश्वनाथांनीच टेप धरला. डोक्यावर चार बोटं जागा, गुडघ्यांची उंची, पट्ट्यांची लांबी, सगळं वहीत उतरवून घेतलं.

खडकांवर पालीसारखी चढणारी गाडी बनवायची होती. तिला पत्रा नसतो, काच नसते. असतो तो पाइपांचा पिंजरा. गाडी उलटली की आतल्या जिवाचं काय व्हायचं ते त्या पिंजऱ्यावर.

विश्वनाथ सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, चाळीस वर्षं दिल्लीत. मराठी बोलणारं गिऱ्हाईक म्हणजे इथे जवळजवळ पाहुणाच. गाव विचारून झालं, लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये दोघांच्या ओळखीचं कोण निघतं ते पाहून झालं. त्यापलीकडे तिने काही विचारलं नाही. दर शनिवारी ते येत. पाळणाघराला सुट्टी म्हणून हेमांगीची तीन वर्षांची मुलगी स्वानंदीही शेडमध्येच असायची. तिच्यासाठी ते शंकरपाळ्यांचा डबा आणत. स्वानंदी पिंजऱ्याला लोंबकळायची आणि म्हणायची, “आई, हा माझा झुला.”

काम झकास चाललं होतं. फक्त एक जोड हेमांगीने शेवटी करायचा म्हणून मागे ठेवला होता. चालकाच्या उजव्या खांद्यामागचा.

दोन वर्षांपूर्वी तिने एका क्लबला असाच पिंजरा करून दिला होता. शर्यतीत गाडी उलटली आणि नेमका तिथलाच जोड उकलला. चालवणारी मुलगी गेली. तिचं नावसुद्धा हेमांगीला क्लबच्या पत्रातून कळलं: मैत्रेयी. हेमांगी तिच्या घरच्यांना भेटायला गेली नाही. जाऊ नका, असं वकिलाने सांगितलं होतं. तिने दोन ओळींचा जबाब लिहून दिला. जोड पक्का होता, मी स्वतः त्या गाडीत बसले असते. चौकशी तिथेच मिटली.

तेव्हापासून त्या जागेपाशी आलं की ती दुसरंच काम हातात घ्यायची.

या गाडीतही तिथे आडव्या पाइपामागे जेमतेम दोन बोटांची फट राहिली होती. वेल्डिंगचं टोक आत शिरेना. नीट करायचं तर आडवा पाइप कापून काढायचा, जोड पुरा करायचा, पाइप परत लावायचा. अख्ख्या दिवसाचं काम. एका मंगळवारी तिने समोरची बाजू भरून घेतली आणि पाळणाघरातून फोन आला. स्वानंदीला ताप होता. मागचं उद्या करू म्हणत तिने हातमोजे काढले.

ताप तीन दिवस हटला नाही. ती परत आली तेव्हा दामूकाकांनी फटीत पुट्टी भरून, घासून, सगळ्यावर काळा रंग चढवला होता. जोड असा दिसत होता की कुणालाही दाखवावा.

सांगायचं की नाही, यात तिचे आठ दिवस गेले. सांगायचं म्हणजे रंग खरवडायचा, आणि मग दोन वर्षांपूर्वीचंही कुणीतरी खरवडून काढणार. एका सकाळी स्वानंदीची वेणी घालताना तिच्या मानेवरची कोवळी लव दिसली आणि वेणी अर्धीच राहिली. त्या भाचीचीही मान अशीच कुणीतरी कधीतरी विंचरताना पाहिली असेल. तिने नवऱ्याला, अंशुमनला, ऑफिसात फोन लावला आणि येताना दूध आणायला सांगून ठेवून दिला.

चाचणी शनिवारी होती, हरियाणातल्या सोहना गावाच्या पुढे एका बंद पडलेल्या खाणीत. अंशुमनला ऑफिस होतं, म्हणून स्वानंदीला बरोबर घ्यावंच लागलं. टेम्पोवाला गाडी उतरवून निघून गेला. समोर घराएवढे दगड एकावर एक पडले होते. आसपास चिटपाखरू नव्हतं.

भाची कुठे आहे, असं तिने विचारलं. विश्वनाथ पिंजऱ्याभोवती सावकाश फिरले, एकेका जोडावर बोट फिरवत. उजव्या खांद्यामागे बोट थांबलं.

“हेमांगीताई, एकदाच विचारतो. हे सगळं पक्कं आहे ना?”

आता सांगावं, असं तिला वाटलं. शब्द जिभेवर आले होते. विश्वनाथ थांबून राहिले होते. घाई नव्हती त्यांना, जवळजवळ विनवणी होती नजरेत.

“बिल्कुल पक्कं,” ती म्हणाली. “मी स्वतः बसले असते यात.”

त्यांनी मान हलवली, जणू हेच वाक्य ऐकायला आले होते. मग पिशवीतून हेल्मेट काढून त्यांनी तिच्या हातात दिलं. नवं नव्हतं ते. उजव्या बाजूला खोल चरा होता. तिने ते उलटं केलं. आत, कपाळपट्टीवर, निळ्या शाईने जपून नाव घातलं होतं, आई शाळेच्या दप्तरावर घालते तसं. मैत्रेयी.

भाचीचं नाव हेमांगीने कधी विचारलंच नव्हतं. विश्वनाथांनी वाकून स्वानंदीला कडेवर घेतलं. तिच्या मुठीत शंकरपाळी दिली. दुसऱ्या हाताने सीटचे पट्टे बाजूला सारले. हेमांगीच्याच मापाचे होते ते.

“बसा तुम्हीच,” ते म्हणाले. “ही थांबेल माझ्यापाशी.”