पंख्याखालची गादी

“दस दिन से बूँद नहीं गिरी, और इनकी छत टपक रही है,” शिडी चढता चढता मिस्त्री योगेंद्र पुटपुटला. शिडी धरून उभ्या असलेल्या यशोधराने ते ऐकलं आणि शिडी जरा जास्तच घट्ट धरली.

गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत तिच्या सासूबाई, पार्वताबाई, झोपायच्या. खोलीची पार भट्टी व्हायची, म्हणून महिन्यापूर्वी तिच्या नवऱ्याने, अश्वजीतने, आईसाठी छपरावर हवेवर फिरणारा गोल पंखा बसवून घेतला, कारखान्यांवर असतो तसा. त्याच आठवड्यात गादी ओली निघाली. पंखा गळतो, असं पार्वताबाईच म्हणाल्या. पाऊस सुरू होता. सगळ्यांना लगेच पटलं.

मग पाऊस थांबला. गादी काही थांबली नाही.

योगेंद्रने रिछाईच्या कारखान्यांतल्या कितीतरी शेडवर असे पंखे बसवलेले, हाही त्यानेच. बुडाचा पत्रा वरच्या बाजूने आढ्याखाली सारलेला, खालच्या बाजूने छपरावर घेतलेला, एकेक स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर, रबरी वायसर लावून. तरी गळती शोधायला हा त्याचा तिसरा फेरा. आज त्याने वरून सात बादल्या ओतल्या. यशोधराने खाली अंथरलेली वर्तमानपत्रं कोरडीच राहिली. गादीवरचा सकाळचा डाग पंख्यापासून चांगला दोन हात दूर, भिंतीच्या बाजूला होता. तो सगळ्यांना दिसत होता आणि कोणी तिकडे बघत नव्हतं.

काढूनच टाका, भोक बुजवा, असं अश्वजीतने योगेंद्रला सांगितलं.

यशोधरा वर्तमानपत्रांच्या घड्या घालत होती. महिनाभर चादरी तिनेच धुतल्या होत्या. “आईले विचारा ना,” ती अगदी गोड आवाजात म्हणाली. “झोपायचं त्यायले आहे. काहो आई, पंखाच गळते ना?”

खुर्चीतल्या पार्वताबाईंनी सुनेकडे पाहिलं, मग लेकाकडे. लेक मोबाइल बघत होता.

“गळते,” त्या म्हणाल्या.

वर योगेंद्रने फिरता पंखा हाताने धरून थांबवला. पार्वताबाईंच्या पायांवर फिरणारी त्याची सावलीही थांबली. एक स्क्रू निघाला. दुसरा निघाला. टिनाची धग खाली उतरू लागली, त्यांच्या कपाळावरून घामाचा ओघळ नाकापर्यंत आला. तिसऱ्या स्क्रूला त्या उठल्या आणि भिंत धरत धरत गच्चीवर आल्या. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई हातातलं काम सोडून बघू लागली.

छपरावरच्या माणसाला मराठी कळत नव्हतं, आणि हळू बोललेलं त्याला ऐकू गेलं नसतं.

“रहने दो, भैया,” पार्वताबाई मान वर करून ओरडल्या. “पंखा नहीं टपकता. गादी मैंच गीली करती.”